फाईल गाडीत वाचतात म्हणे!

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. रामबागेतल्या ग्रुपवर आला, सुदामानगरच्या ग्रुपवर आला, मग एका पक्षकारानं थेट मलाच पाठवून खाली विचारलं, “वकीलसाहेब, खरं का हो?” मेसेज लांबलचक आहे, पण त्याचा गाभा असा: सुप्रीम कोर्टात मोठे वकील पाच मिनिटं उभे राहतात आणि लाखो घेतात. तयारी शून्य, फाईल गाडीत वाचतात. जज तर वाचतही नाहीत, निकाल आधीच ठरलेला असतो. अमेरिकेत वकील रंगीत तालीम करतात, आपल्याकडे नुसतं फाडफाड इंग्रजी. आणि इंदूरचा वकील? तो फक्त पोस्टमन.

मी मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करतो. इथली काही प्रकरणं दिल्लीला जातात तेव्हा त्यांच्यासोबत कागदांच्या रूपानं मीही जातो, कधी प्रत्यक्षही. तेव्हा उत्तर देणं भाग आहे. फीबद्दल मी बाजू घेणार नाही. ती डोळे पांढरे करणारी असते आणि नुसता चेहरा दाखवायलाही पैसे घेतले जातात, हे बार रूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. पण बाकीचा मेसेज चुकीचा आहे.

“पाच मिनिटं उभे राहतात”

राहतात. कधी दोनच मिनिटं. सोमवार आणि शुक्रवार हे तिथे नव्या प्रकरणांचे दिवस. बहुतेक वेळा दोन जजांचं खंडपीठ आणि समोर डझनावारी मॅटर. त्यातली बरीचशी एसएलपी, म्हणजे घटनेच्या कलम १३६ खालची याचिका. हे अपील नव्हे, अपील करू द्या म्हणून मागितलेली परवानगी. त्या पाच मिनिटांत कोण खरं, कोण खोटं हे ठरत नाही. या कोर्टानं यात हात का घालावा, एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं.

समजा, सराफ्याजवळच्या एका दुकानाचा खटला आहे. मालकाला स्वतःच्या धंद्यासाठी दुकान हवंय आणि त्यानं मध्य प्रदेशच्या १९६१च्या भाडे कायद्याच्या कलम १२(१)(एफ) खाली दावा लावलाय. भाडेकरू खाली हरला, पहिल्या अपिलात हरला, इंदूर खंडपीठात दुसऱ्या अपिलातही हरला. आता दिल्ली. जज पहिला प्रश्न काय विचारणार, हे शेंबडं पोरही सांगेल: तिन्ही कोर्टांनी एकच सांगितलंय, आम्ही का ऐकावं?

तयारी या प्रश्नाची. त्याच कलमात अट आहे की मालकाकडे शहरात त्याच्या ताब्यात दुसरी सोयीची व्यापारी जागा नसावी. मालकानं उलटतपासणीत, समजा, कबूल केलंय की मागच्या गल्लीतलं दुकान त्याचंच आहे आणि ते बंद पडून आहे. ही एक ओळ चारशे पानांच्या पेपरबुकात (प्रकरणाच्या सगळ्या कागदांच्या गठ्ठ्यात) कुठे आहे, तिन्ही निकालांपैकी कोणी तिचा विचार केला, कोणी ती नुसती ओलांडून गेला, हे शोधणं म्हणजे तयारी. मग उभं राहिल्यावर “माय लॉर्ड, पान १४३, खालून चौथी ओळ” एवढंच बोलायचं असतं. ऐकणाऱ्याला ती पाच सेकंद वाटतात. तिच्यामागे कोणाचे तरी दोन दिवस गेलेले असतात.

त्याहून महत्त्वाचं काम कॉन्फरन्समध्ये होतं. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी सीनियरच्या (कोर्टानं ज्येष्ठ ठरवलेल्या वकिलाच्या) चेंबरमध्ये एओआर (सुप्रीम कोर्टात दाखल करायचा अधिकार असलेला वकील), त्याचा ज्युनियर आणि इथून गेलेला एखादा आपण. जाणता सीनियर आपली बाजू ऐकण्याआधी विचारतो, “आपल्या विरुद्ध काय काय आहे ते आधी सांगा.” मग पायऱ्या ठरतात. समोरच्याला नोटीस आणि खालच्या निकालाला स्टे (स्थगिती) मिळाला तर उत्तम. स्टे नाही तर जैसे थे. तेही नाही आणि याचिका फेटाळलीच जातेय असं दिसलं, तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात दुकान रिकामं करायला मुदत मागायची, हमीपत्र देण्याच्या तयारीनं. पण किती महिने? हे पक्षकाराला आदल्या रात्रीच विचारलेलं हवं. थकलेलं भाडं तो भरणार का, दुकानात दुसऱ्या कोणाला घुसवणार नाही ना, हेही. हे विचारलेलं नसेल तर जज मुदत द्यायला तयार असताना आपला वकील इकडेतिकडे बघत राहतो. हे मी घडताना पाहिलंय आणि त्यासारखी लाज दुसरी नाही.

“फाईल गाडीत वाचतात”

काही जण वाचतात. पण एकाच सकाळी चार कोर्टांत मॅटर असलेला माणूस गाडीत शेवटची नजर फिरवतो तेव्हा त्याच्या हातात फाईल नसते, एका पानाची टिपण असते. तारखा, पानांचे आकडे, दोन निवाडे, आणि जजांचे संभाव्य प्रश्न. नियमच असे आहेत की सीनियर स्वतः वकीलपत्र दाखल करू शकत नाही आणि एओआरशिवाय सुप्रीम कोर्टात उभाही राहू शकत नाही. त्यामुळे मॅटर त्याच्यापर्यंत येतं ते दळून, चाळून, मळूनच. आता पोळी करपवणारे करपवतातच. न वाचता आलेला सीनियर पहिल्याच प्रश्नाला पकडला जातो आणि ‘पास ओव्हर’ मागतो, म्हणजे मॅटर थोडं मागे ढकलून घेतो. पक्षकारानं त्याबद्दल जरूर रागवावं.

“जज वाचत नाहीत, निकाल आधीच ठरलेला असतो”

दोन्ही एकदम कसं खरं असेल? वाचलंच नसेल तर ठरवणार कशावर?

खरं म्हणजे वाचलेलं असतं, म्हणून तर वेळ कमी मिळतो. याचिकेच्या सुरुवातीलाच सारांश आणि तारखांची यादी असते. त्या पानांना आकडे नसून बी, सी, डी अशी अक्षरं असतात. मसुदा करणारे या पानांवर सगळ्यात जास्त रक्त आटवतात, कारण जजांचं पहिलं मत तिथेच बनतं. ते मत घेऊनच जज येतात. पण मत म्हणजे निकाल नव्हे. मत बदलायला एक नेमकी गोष्ट लागते, आणि जो वकील उभा राहून पहिल्यापासून कथा सांगायला लागतो त्याला ती सांगायला वेळच उरत नाही.

याच मेसेजमध्ये जाता जाता म्हटलंय की साध्या माणसाचं प्रकरण तिथे कोणी उघडूनही बघत नाही. इंदुरात बसून हे लिहायचं म्हणजे कमाल आहे. शाहबानो प्रकरण इथलंच. १९७८ साली इथल्या मॅजिस्ट्रेटसमोर पोटगीचा अर्ज झाला, समोर नवरा स्वतः वकील. मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये दिले, हायकोर्टानं १९८० साली ते १७९ रुपये २० पैसे केले. त्या रकमेविरुद्ध नवरा सुप्रीम कोर्टात गेला. १९८१ साली दोन जजांनी प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे सोपवलं आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जजांच्या घटनापीठानं निकाल दिला.

पुढचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे, ते सोडा. तयारीच्या दृष्टीनं तो निकाल वाचा. नवऱ्याचं म्हणणं होतं की इद्दतीच्या (तलाकनंतर बायकोनं थांबायच्या) काळाचे पैसे दिले, मेहेरचे (लग्नात बायकोला कबूल केलेल्या रकमेचे) ३००० रुपये कोर्टात भरले, आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७(३)(बी) प्रमाणे आपण मोकळे. म्हणजे वाद येऊन थांबला तो मेहेर ही तलाकमुळे द्यावी लागणारी रक्कम आहे का, यावर. त्यासाठी मुल्ला आणि तय्यबजी यांचे मुस्लिम कायद्यावरचे ग्रंथ तपासले गेले, कुराणाच्या आयतांची भाषांतरं तपासली गेली, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डालाही ऐकलं गेलं. १७९ रुपये २० पैशांसाठी.

“अमेरिकेत तालीम करतात”

करतात, आणि झकास करतात. सहकारी जज होऊन बसतात आणि वकिलाला प्रश्नांनी सोलून काढतात. पण तिथल्या सुप्रीम कोर्टात वर्षाला साधारण साठ-सत्तर प्रकरणांतच तोंडी युक्तिवाद होतो, आणि प्रत्येक बाजूला सहसा ३० मिनिटं. २०१९पासून वकिलाला सुरुवातीची दोन मिनिटं बहुधा मध्ये न तोडता बोलू देतात, याचीसुद्धा बातमी झाली होती! तारीख आधीपासून पक्की असते, म्हणून तालीम जमते. आपल्याकडे मॅटर उद्याच्या यादीत आहे हे कधी कधी आदल्या दिवशी कळतं.

जिथे वेळ मिळतो तिथे आपल्याकडेही चित्र वेगळं असतं. केशवानंद भारती प्रकरण १३ जजांसमोर ६८ दिवस चाललं आणि १९७३ साली ७ विरुद्ध ६ असं सुटलं. अयोध्येची सुनावणी २०१९ साली ४० दिवस. हल्ली घटनापीठापुढे नोडल वकील नेमतात, सगळ्यांची मिळून एकच कागदपत्रांची जुळणी करतात, कोण किती वेळ बोलणार ते आधी ठरवतात. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचं कामकाज थेट दिसतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी एक दुपार ते बघायला हरकत नाही. कंटाळा येईल, पण पान नंबर किती वेळा उच्चारला जातो ते मोजा.

“फाडफाड इंग्रजी”

कलम ३४८ प्रमाणे तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं, हे खरं. पण चांगले वकील लहान वाक्यं बोलतात. इंग्रजीचा खरा घोळ असतो भाषांतरात. आपल्या साक्षी हिंदीत, खसरा (जमिनीची नोंद) हिंदीत, आणि जुन्या वाड्याचा वाद असला तर होळकरांच्या काळातला एखादा मोडी कागद. हे सगळं इंग्रजीत लावावं लागतं. दिल्लीत बसून भाषांतर करणाऱ्याला आपली ‘पट्टा’ आणि ‘माफी’ची जमीन कुठली ठाऊक असणार? ती पानं इथूनच तपासून जायला हवीत.

“इंदूरचा वकील पोस्टमन”

इथे मला राग आला, कबूल. एसएलपीसोबत एओआरला प्रमाणपत्र द्यावं लागतं की याचिका खालच्या कोर्टापुढे जे मांडलं गेलं तेवढ्यापुरतीच आहे. म्हणजे मालकाचं दुसरं दुकान उलटतपासणीत निघालं नसेल तर दिल्लीचा कितीही मोठा सीनियर ते तिथे बांधून देऊ शकत नाही. पान १४३ लिहिलं गेलं ते इंदूरच्या जिल्हा कोर्टात, वर पंखा करकरत असताना, कुठल्याशा आडबाजूच्या तारखेला.

आणि उभं राहायचं म्हटलं तर एओआरनं सूचना दिली की इथला वकीलही तिथे बाजू मांडू शकतो, आता व्हिडिओवरूनसुद्धा. बहुतेक वेळा आम्ही मांडत नाही, कारण तिथल्या जजांची नाडी रोज तिथे असणाऱ्याला जास्त कळते. आमचं काम आधी असतं: निकाल लागल्याबरोबर नक्कल अर्ज टाकणं, ९० दिवसांची मुदत वहीत लिहून ठेवणं, साक्षींची पानं लावून पाठवणं. सुनावणीच्या दिवशी चेंबरमध्ये फाईल उघडी ठेवून मी लिंकवर बसतो. मध्येच जज काहीतरी विचारतात, दिल्लीतला ज्युनियर मोबाईलवर विचारतो, “सर, दुसऱ्या दुकानाचा टॅक्स कोणाच्या नावावर?” आणि मी उत्तर टाइप करतो.