एआय-डिटेक्टर लावून मुलांना शून्य द्यायचं?

बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. काळाप्रमाणे बदलायचं तर विद्यापीठांनी म्हणे चार गोष्टी कराव्यात: वर्ग बंद करून व्हिडिओ द्यावेत, अभ्यासक्रम दरवर्षी बदलावा, हाताचं काम शिकवायला लागावं ('आपल्याकडे ते कधी नव्हतंच'), आणि असाइनमेंट एआय-डिटेक्टरमधून (लेखन एआयने केलंय का, ते सांगणारं सॉफ्टवेअर) काढून 30 टक्क्यांवर गेलेल्याला शून्य द्यावं. काल तो भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचला आणि खाली एका शिक्षकाचा अंगठाही पडला. म्हणून हे उत्तर.

हाताचं काम कधी नव्हतं, हे बडोद्यात बसून लिहायचं म्हणजे कमाल आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्येच कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. कापड रंगवण्यापासून यंत्रकामापर्यंत सगळं तिथे शिकवलं जाई. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी, आणि विद्यापीठाची आजची तंत्रज्ञान शाखा त्यातूनच वाढली.

तासभर नोट्स उतरवून घेण्यात अर्थ नाही, हे मान्य. त्यापेक्षा व्हिडिओ बरा. पण एमआयटी-हार्वर्डच्या मोफत ऑनलाइन कोर्सना 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्के शेवटपर्यंत गेले. व्हिडिओ घरी बघू द्या, वर्गातला तास उदाहरणं सोडवायला ठेवा.

अभ्यासक्रम दरवर्षी बदला म्हणणाऱ्याने एटीकेटीचा हिशोब केलेला दिसत नाही. मागे राहिलेल्यांसाठी जुन्या अभ्यासक्रमाचा पेपर वेगळा काढावा लागतो. दरवर्षी बदललं तर एकाच विषयाचे तीन-तीन पेपर. त्यापेक्षा अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचं नाव न लिहिता त्याने करायचं काम लिहा आणि दोन क्रेडिटचा एक विषय नव्या गोष्टींसाठी मोकळा ठेवा. शिवाय सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरून घ्यायची मुभा यूजीसीने 2021 मध्ये दिलेलीच आहे.

आता तो डिटेक्टर. तो चोरी पकडत नाही. मजकुरातला पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, मुख्यतः एवढंच तो मोजतो. नेहमीचेच शब्द, साधी वाक्यं दिसली की त्याच्या लेखी ते यंत्राचं. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पेपर इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या मुलांचं इंग्रजी तसंच असतं की! स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात डिटेक्टरांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले 91 निबंध दिले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले. सरासरी 61 टक्के निबंध एआयचे ठरले. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. मग टोफेलच्याच निबंधांतले शब्द चॅटजीपीटीकडून भारी करून घेतले, तर चूक 12 टक्क्यांवर आली! म्हणजे प्रामाणिक मुलगी अडकणार आणि एआयकडून भाषा सजवून घेणारा सुटणार.

ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै 2023 मध्ये गुंडाळला. त्यांच्याच चाचणीत तो एआयचं लेखन 26 टक्केच ओळखत होता आणि माणसाचं 9 टक्के लेखन एआयचं ठरवत होता. 60 जणांच्या वर्गात 20 जणांनी एआय वापरलं असेल, तर पाच सापडतील, पंधरा सुटतील आणि उरलेल्या 40 पैकी तीन-चार निर्दोष मुलांना शून्य. आणि यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांतली टक्केवारी कुणी पुढे करू नये. ती दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याची आहे.

मुलाला विषय येतो का, ते तपासा. पहिला खर्डा वर्गात, हाताने, 25 मिनिटांत लिहून घ्या आणि जपून ठेवा. पक्कं लेखन घरून येऊ दे. मग चिठ्ठ्या टाकून 15 जणांना पाच-पाच मिनिटं विचारा: ही पायरी का घेतलीस? हा आकडा दुप्पट केला तर काय होईल? सव्वा तासात होतं. साठही जणांना विचारायला गेलात तर पाच तास जातात, आणि शिक्षक दुसऱ्याच असाइनमेंटला ते सोडून देतो. नावं आधी सांगू नका आणि निघालेली चिठ्ठी पुढच्या वेळी परत डब्यात टाका, नाहीतर एकदा सुटलेला सेमिस्टरभर निवांत. स्वतःच्या लेखनातलं सांगता आलं नाही तर शून्य नको, तेच वर्गात पुन्हा लिहून घ्या. आणि उत्तर मराठीत किंवा गुजरातीत देऊ द्या. इंग्रजीची परीक्षा नाहीये ती.