‘सगळी औषधं बंद करा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

ह्यांना शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार निघाला आणि आठवडाभरात नणंदेने एक फॉरवर्ड पाठवला. काळजीपोटीच पाठवला, तिच्यावर राग नाही. पण तो वाचून ह्यांनी तीन दिवस बीपीची गोळी घेतली नाही, तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

त्यात लिहिलंय, ‘या आजारात प्रत्येक औषध नसांना विष, सगळी बंद करा.’ थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. व्हिनक्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध अशा रुग्णाच्या हातापायांतली ताकद झपाट्याने घालवू शकतं. म्हणून तर निदान प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, भूल देणाऱ्यालाही. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी ते लाल पेनने लिहिलंय. पण त्यासाठी बीपीची गोळी थांबवायची? नसा वर्षानुवर्षं सावकाश झिजतात, चढलेलं बीपी एका दुपारीत अर्धांग आणू शकतं. औषध सुरू-बंद करायचं ते न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच.

‘व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने आजार थांबतो.’ उंदरांत आशा दिसली होती. म्हणून इटली आणि ब्रिटनमध्ये या आजाराच्या ‘१ए’ या प्रकारच्या सुमारे पावणेतीनशे रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना दोन वर्षं रोज दीड ग्रॅम व्हिटॅमिन सी, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. निकाल २०११मध्ये आला: काही फरक नाही. विषय संपला.

‘दहा वर्षांत व्हीलचेअर, आयुष्य अर्धं.’ ह्यांचा प्रकारही तोच, ‘१ए’, सर्वांत जास्त आढळणारा: १७व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ जनुकाची एक प्रत जादा. यात बहुतेक जण शेवटपर्यंत चालते राहतात, आयुष्य सहसा कमी होत नाही. आमची काळजी वेगळी आहे. पाऊल नीट उचललं जात नाही, ह्यांच्या उजव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलंय. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. म्हणजे पडणं, घोटा मुरगळणं, तळव्याची जखम लक्षात न येणं. रोज रात्री मी बॅटरी घेऊन तळवे बघते.

जोडीदाराला हा आजार लागत नाही, एवढं एका वाक्यात पुरे.

‘सगळ्या मुलांना होणारच.’ नाही. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, दर वेळी नव्याने. आमची मुलगी सतरा वर्षांची. हा मेसेज तिच्याही फोनवर पोचला. रात्री ती पलंगावर बसून स्वतःच्या पावलांची कमान निरखत होती. लक्षणं नसतील तर अल्पवयीन मुलांची जनुकीय तपासणी सहसा करत नाहीत; मोठी झाल्यावर करायची की नाही ते तिचं ती ठरवेल. नणंदबाई, हे उत्तर त्याच ग्रुपवर तुम्हीच टाका.