वाड्यातल्या जुन्या बंदुकीलाही परवाना लागतोच

खंडेनवमी जवळ आली की ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये एक संदेश फिरू लागतो: "सरदारकीच्या काळातल्या वडिलोपार्जित बंदुकीला लायसन लागत नाही. भरमार (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) तर कायद्यात येतच नाही. शस्त्र बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे." यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांमधल्या माणसांना ते थेट गुन्ह्यात अडकवू शकतं.

हक्काचं आधी. अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्येही बोलून दाखवलं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक जवळ ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या विनापरवाना बंदुकीसाठीही २ ते ५ वर्षं कैद आणि दंड आहे.

भरमारचा उल्लेख तर कलम १३ मध्येच आहे: पीक राखायला तोंडानं भरायच्या बंदुकीचा परवाना. जुनेपणाची सूट कलम ४५ देतं, तीही जे दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशाच जुनाट शस्त्राला. निपल (नळीच्या मागच्या टोकाची, ठिणगी आत नेणारी पोकळ खुंटी) गंजलं म्हणजे बंदूक मेली, असं होत नाही. निपल बदललं की बार उडतो.

वारशाबाबत खरा घोळ आहे. मालकी वारसाकडे येते, ताबा येत नाही. परवानाधारक गेल्यावर कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या. मग मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि इतर वारसांची ना-हरकत जोडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नकार मिळालाच तर कलम १८ खाली अपील आहे. स्वतःच्या दोन बंदुका आधीच असतील तर वारशाची तिसरी ठेवता येत नाही. ती विकता येते. वारसाला तिची किंमत मिळते, हे त्या संदेशात कुणीच लिहीत नाही.

पूजेनंतर हवेत बार काढू नका. कुणाच्या जिवाला धोका होईल असा उत्सवी गोळीबार केला, तर परवाना असूनही २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जमा करण्याआधी एक तपासणी मात्र जरूर करा, कारण कोरडी काळी दारू दशकांनंतरही पेटते. निपलवर टोपी (घोडा पडताच ठिणगी देणारी छोटी धातूची वाटी) असेल तर बंदुकीला हातच लावू नका. नसेल तर तोंडासमोर न येता गज (दारू ठासायची काठी) हलकेच नळीत सोडा, नळीच्या तोंडाशी खूण करा, आणि तेवढी लांबी बाहेरून मोजा. गज निपलच्या जागेपर्यंत पोचत नसेल तर बंदूक भरलेली समजा. ठोकू नका, तापवू नका, ठाण्याला कळवून त्यांनाच बोलवा.