हाय-लोचा लिव्हर चालत्या ट्रॅक्टरवर ओढू नका

‘जुन्या बी-275 वाल्यांनी नक्की पाहा’ असा एक व्हिडिओ काटोल-कळमेश्वर भागात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतो आहे. बी-275 म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या आराखड्यावर महिंद्राने बनवलेला जुना ट्रॅक्टर. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. हाय-लोचा लिव्हर, म्हणजे सगळे गिअर वेगवान किंवा हळू रेंजमध्ये नेणारा दुसरा लिव्हर, न थांबता बदलता येतो, उतारावर तो न्यूट्रलला टाकला की डिझेल वाचतं, आणि लोमध्ये ट्रॅक्टरची ताकद दुप्पट होते. परवा पुतण्याने तो मला पाठवला, खाली लिहिलं, ‘काका, आजपासून असंच.’ हा पोरगा संत्र्याची भरलेली ट्रॉली घेऊन नागपूरला कळमना बाजारात येतो. मला राग आला, म्हणून लिहितो आहे.

आधी उताराचं, कारण तिथे जीव जातो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि शेतात वळायला म्हणून डाव्या-उजव्या ब्रेकची दोन पेडलं जोडणारी कडी सोडून ठेवलेली असली तर घाईत एकच पेडल दाबलं जातं आणि गाडी त्या बाजूला फिरते. अशा गाडीला उतारावर धरून ठेवतं ते गिअरमधलं इंजिन. तेच सोडून दिलं की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते. मग घाबरून पुन्हा गिअर टाकायला जाल, तर तो पडणार नाही. दात नुसते खरखरतील आणि वेग वाढतच जाईल.

आणि डिझेल? तेही वाचत नाही. गिअरमध्ये राहून थ्रॉटल कमी केलं की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. वेग ठरल्यापेक्षा जास्त दिसला की पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं.

याच व्हिडिओत ‘नाहीतर लोमध्येच क्लच दाबून सोडा’ असंही म्हटलं आहे. हे तर आणखी वाईट. इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्यांवर असताना ज्या गिअरमध्ये गाडी ताशी 5 किलोमीटर चालते, त्याच गिअरमध्ये क्लच दाबून ती 20 ने सुटली, तर क्लच प्लेट 8,000 फेऱ्यांनी फिरते. प्लेटचं अस्तर तिथे फाटून उडतं.

आता न थांबता बदलण्याचं. बी-275 ला मुख्य लिव्हरचे चार गिअर आणि हाय-लोचे दोन, म्हणून पुढचे आठ. हाय-लोला सिंक्रोनायझर, म्हणजे दोन्ही बाजूंचा वेग आपोआप जुळवणारा भाग, नाही. दोन्ही बाजूंचा वेग जुळल्याशिवाय दातात दात बसत नाही, आणि हाय-लोमधला फरक एवढा मोठा की चालत्या गाडीत अंदाजाने तो जुळत नाही. ज्यांनी असं केलं त्यांचा बॉक्स खोलल्यावर पाहा, दातांच्या कडा गोल झालेल्या असतात आणि ड्रेन प्लग काढला की तेलात चांदीसारखा चुरा चमकतो. ट्रॅक्टरसोबत येणाऱ्या चालकाच्या पुस्तकात हे स्पष्ट आहे: गाडी पूर्ण थांबवा, क्लच पूर्ण दाबा, मग रेंज बदला. उतारावर न्यूट्रल करू नका, हेही त्यातच आहे. कोणाच्या व्हिडिओपेक्षा मी ते पुस्तक मानतो.

हा गैरसमज आला कुठून, तेही कळतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने अमेरिकेत 1954 मध्ये फार्मॉल सुपर एमटीए काढला. त्यात टॉर्क अॅम्प्लिफायर नावाचा जोडगिअर होता. तो चालत्या गाडीत, मुख्य क्लच न दाबता बदलायचा, कारण त्याला स्वतःचा वेगळा क्लच होता. व्हिडिओत मधेच दाखवलेला लाल ट्रॅक्टर तोच आहे. कंपनी तीच, रंग तोच, पण आपल्या बी-275 मध्ये ती यंत्रणा नाही. आणि तो जोडगिअरसुद्धा लोमध्ये उतारावर गाडी मोकळी सोडतो, इंजिन धरत नाही.

जुने ड्रायव्हर सपाट रस्त्यावर, रिकामी ट्रॉली असताना, मुख्य लिव्हरने डबल क्लच मारून (म्हणजे मधे न्यूट्रल करून क्लच दोनदा दाबून) तिसऱ्यातून चौथा टाकतात, हे खरं आहे. मान्य. पण तो मुख्य लिव्हर, हाय-लोचा नव्हे.

दुप्पट ताकदीचं थोडक्यात. लोमध्ये ओढ वाढते, हॉर्सपॉवर नाही. जेवढी ओढ वाढते, तेवढा वेग जातो.

हिंगण्याला ट्रॅक्टरचा कारखाना आहे, गावोगावी जुने मिस्त्री आहेत, त्यांना विचारा ना. भरल्या ट्रॉलीचा उतार दिसला की वरच थांबा, पेडलची कडी लावा, ज्या गिअरने तो चढ चढला असता तो टाका, आणि खाली पोचेपर्यंत लिव्हरला आणि क्लचला हात-पाय लावू नका.