'काका, सगळे ईसीयू सारखेच': एका प्रतिक्रियेला उत्तर

फियाटच्या लिनिया टी-जेट या टर्बो पेट्रोल गाडीसाठी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, कसा निवडावा या माझ्या लेखाखाली 'टर्बोवेडा' या नावाने परवा एक प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो: "काका, सगळे ईसीयू शेवटी एकच काम करतात, इंजेक्टर उघडायचा आणि स्पार्क द्यायचा. तुम्ही उगाच महागडे डबे सुचवताय, कमिशन मिळतं वाटतं. स्पीडुइनो त्याच्या चौथाईत होतो. निम्म्या लोकांना तर नुसता रीमॅप पुरतो. आणि 14.7च्या गप्पा आता कोण मारतं?" पुढे दोन हसरे चेहरे. (नवख्यांसाठी: इंजेक्टर म्हणजे पेट्रोल फवारणारी झडप, स्पीडुइनो हा हौशी लोकांचा स्वस्त ओपन-सोर्स ईसीयू, आणि रीमॅप म्हणजे कंपनीच्याच ईसीयूतले आकडे बदलणं.)

आधी 'काका'. वयाने असेन, त्याला हरकत नाही. पण पत्ता विचारताना म्हटलेलं काका आणि वाद घालताना म्हटलेलं काका यातला फरक पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आता कमिशन. लेखात मी लिंक, मॅक्सईसीयू आणि ईसीयूमास्टर अशी तीन नावं दिली होती. एक न्यूझीलंडचं, एक स्वीडनचं, एक पोलंडचं. तिघंही मला पैसे देत असतील तर त्यांनी आपसात वाटणी कशी केली तेवढं कळवा. असले आरोप टोपणनावाआडून करणं सोपं असतं, इतकंच म्हणतो.

14.7चं मात्र मान्य. तो आकडा शुद्ध पेट्रोलचा, म्हणजे एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवा. पंपावर आज ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं आणि त्याचं गुणोत्तर साडेतेराच्या आसपास येतं. मी लॅम्ब्डा (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले त्या इंधनाचं आदर्श गुणोत्तर) लिहायला हवं होतं, कारण इंधन कुठलंही असलं तरी लॅम्ब्डा 1 हा 1च राहतो. वाक्य दुरुस्त केलंय. त्याच लेखात चार परिच्छेद खाली सगळे आकडे लॅम्ब्डातच आहेत, पण तिथपर्यंत वाचायला सवड हवी. या चुकीचा खरा फटका इंजेक्टर निवडताना बसतो, तेही सांगून टाकतो. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण 270 ग्रॅम पेट्रोल धरायचं. 200 अश्वशक्ती, चार इंजेक्टर, 85 टक्क्यांच्या वर ड्यूटी (इंजेक्टर उघडा असण्याचं प्रमाण) न्यायची नाही, असा हिशेब केला की मिनिटाला साधारण 360 सीसीचा इंजेक्टर येतो. ई20 धरलं की तोच 390 होतो. म्हणून 360चे घेऊ नका, निदान 400चे घ्या.

आता ते वाक्य. "इंजेक्टर उघडायचा आणि स्पार्क द्यायचा." स्वयंपाक म्हणजे गॅस पेटवायचा आणि पातेलं ठेवायचं, त्यातला हा प्रकार.

इंजेक्टर उघडायचा, बरोबर. पण किती वेळ? वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत वेळ जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. 14 व्होल्टला तो साधारण 1 मिलिसेकंद असतो आणि व्होल्टेज उतरलं की वाढतो. समजा आयडलला पल्स, म्हणजे इंजेक्टरला वीज मिळण्याचा वेळ, 2.5 मिलिसेकंदांची आहे, म्हणजे खरं पेट्रोल 1.5चं. एसी आणि रेडिएटरचा पंखा एकदम लागले, व्होल्टेज बसलं, डेड टाइम 1.3 झाला. पल्स तेवढीच राहिली तर पेट्रोल 1.2चं, म्हणजे 20 टक्के कमी. इंजिन झटके देतं आणि लोक थ्रॉटल बॉडी (इंजिनाची हवेची झडप) साफ करत बसतात. व्होल्टेजचं हे करेक्शन स्पीडुइनोतही आहे, नाही म्हणत नाही. पण त्या तक्त्यात तुमच्या इंजेक्टरचे आकडे भरावे लागतात. नाना पेठेतून उचललेल्या बिननावाच्या इंजेक्टरचे ते आकडे कोण देणार?

स्पार्क द्यायचा, हेही बरोबर. पण कधी? क्रँकवर 60-2चं चाक असेल तर 58 दात आणि दोन दातांची मोकळी जागा, दर दाताला 6 अंश. हे दात वाचणारा सेन्सर व्हीआर (चुंबक आणि कॉइलच्या) जातीचा असेल आणि त्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्या, तरी गाडी चालू होते. गंमत तीच आहे, चालू होते. फक्त आरपीएम वाढले की टायमिंग सरकत जातं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 अंशांवर लॉक करा, टायमिंग लाइट पुलीवर धरा आणि 1000पासून 4000पर्यंत हळूहळू न्या. खूण जागची हलता कामा नये. हलली तर वायरी अदलाबदल करा, नाहीतर ट्रिगरची एज (सिग्नल चढताना वाचायचा की उतरताना) बदलून पुन्हा बघा. हे न करता बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) लावलेली गाडी माझ्याकडे आणू नका. आणि पहिल्यांदा क्रँक करताना इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, नाहीतर सिंक मिळेपर्यंत, म्हणजे ईसीयूला क्रँकची नेमकी जागा कळेपर्यंत, सिलिंडर पेट्रोलने धुऊन निघतात.

या दोन कामांपलीकडेही काही असतं. टी-जेटचा थ्रॉटल केबलचा नाही, मोटरचा आहे. पेडलमध्ये दोन सेन्सर, थ्रॉटलमध्ये दोन. ईसीयूने चौघांचे आकडे सतत पडताळून पाहायचे आणि जोडी जुळेनाशी झाली की मोटरची वीज तोडायची, म्हणजे स्प्रिंग थ्रॉटलला जेमतेम उघड्या जागी आणून ठेवते. स्पीडुइनोत ही मोटर चालवायची सोयच नाही. वेगळा कंट्रोलर लावता येतो, नाहीतर केबलचा थ्रॉटल बसवता येतो. ते दोन्ही खर्च तुमच्या 'चौथाईत' धरलेत का?

मग नॉक, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण स्वतःहून अवेळी पेटून बसणारा ठोका. टी-जेटचा बोअर 72 मिलिमीटर. 1800ला पाय गुणिले बोअरने भागलं की नॉकची फ्रीक्वेन्सी साधारण 8 किलोहर्ट्झ येते. ईसीयूने तेवढाच पट्टा ऐकायचा, तोही टीडीसीनंतरच्या (पिस्टन सर्वांत वर पोहोचल्यानंतरच्या) थोड्याशा अंशांपुरता, नाहीतर व्हॉल्व्हचा खडखडाटसुद्धा त्याला नॉक वाटतो. स्पीडुइनोच्या बोर्डावर सेन्सरचा कच्चा सिग्नल वाचणारं सर्किट नाही, बाहेरून मोड्यूल जोडावं लागतं. 3000 आरपीएमला, पूर्ण बूस्टमध्ये नॉक झाला तर कानाला कळेपर्यंत पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटलेली असते. भोसरीत 2003पासून गाड्यांच्या वायरिंगचे लूम बांधतोय, असे पिस्टन हातात घेऊन पाहिलेत. तुम्ही किती पाहिलेत?

आणि हवेचा दाब. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, इथला दाब जवळपास 95 किलोपास्कल. महाबळेश्वरला तो 86च्या आसपास उतरतो. बूस्टचं टार्गेट 180 किलोपास्कल अॅब्सोल्यूट (निर्वातापासून मोजलेला दाब) ठेवलं, तर मुंबईत टर्बोला हवा 1.8 पट दाबावी लागते आणि महाबळेश्वरला 2.1 पट. तोच आकडा गाठायला टर्बो तिथे बराच जास्त फिरतो, चार्ज (इंजिनात जाणारी हवा) तापतो, नॉकची शक्यता वाढते. म्हणून बॅरोमीटरचा सेन्सर वेगळा आणि सतत वाचणारा हवा. फक्त चावी फिरवताना एकदा दाब वाचणारा ईसीयू लोणावळ्याहून निघून खोपोलीला उतरेपर्यंत लोणावळ्यातच असतो.

हाच 'सगळे सारखे' सल्ला कोणा पोलो जीटी टीएसआयवाल्याने मनावर घेतला तर? ते डायरेक्ट इंजेक्शन, पेट्रोल थेट सिलिंडरात. इंजेक्टर उघडायलाच 65 व्होल्टच्या आसपास झटका लागतो, शिवाय हाय-प्रेशर पंपाचा व्हॉल्व्ह कॅमच्या ठेक्यावर चालवावा लागतो. साध्या ड्रायव्हर सर्किटने तो इंजेक्टर नीट उघडणारही नाही. चाकणची गाडी (पोलो) आणि रांजणगावची गाडी (लिनिया) एकाच डब्यावर चालत नाही, एवढंच लेखात म्हटलं होतं.

रीमॅपचं म्हणाल तर ज्याचा टर्बो आणि इंजेक्टर कंपनीचेच आहेत त्याने खुशाल रीमॅप करावा, कोणी अडवलंय? लेखाचं शीर्षक वेगळं होतं. स्पीडुइनो वाईट आहे असंही मी कुठे लिहिलेलं नाही. केबलचा थ्रॉटल, पोर्ट इंजेक्शन (सिलिंडराबाहेर, इनटेकमध्ये फवारणारं) आणि शिकायची हौस असेल तर जरूर बसवा.

तरीही तुमच्या गाडीवर सगळं सुरळीत चालत असेल, तर लॉग पाठवा. तिसरा गियर, 2000 ते 6000, पूर्ण थ्रॉटल, डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). कात्रजच्या घाटात नको. आरपीएम, मॅप (इनटेकमधला दाब), लॅम्ब्डा, टायमिंग, इंजेक्टर ड्यूटी, इनटेकचं तापमान आणि बॅटरी व्होल्टेज, सातही चॅनल हवेत. लॅम्ब्डा वाइडबँड सेन्सरचाच, कंपनीच्या नॅरोबँडचा चालणार नाही, तो फक्त 1च्या आसपासच नीट सांगतो. फाइल आली की इथेच, सगळ्यांसमोर, ओळीओळीने बघू. हसरे चेहरे तोपर्यंत राखून ठेवा.