दुसऱ्याची शिंगं मोडून वासरांत कसं शिरावं

पन्नाशी उलटली, जिना चढताना गुडघा बोलायला लागला आणि घरातलं कुणी बोलेनासं झालं, की पुरुषाला वासरांची आठवण येते. मग केस काळे होतात, पोटावर ताणलेले टी-शर्ट येतात, शाळेच्या ग्रुपवर पहाटे पाचला गुलाब पडू लागतात. शिंगं मोडून वासरांत शिरणं ते हेच. यात तोटा एवढाच, की शिंगं आपली मोडावी लागतात. चिन्यांनी यावर दोन हजार वर्षांपूर्वीच तोडगा काढून ठेवलाय: शिंगं हरणाची मोडायची, वासरांत आपण शिरायचं.

औषधाचं नाव लूरोंग. हरणाचं कोवळं शिंग. आपल्या भाषेत बैलाचं तेही शिंग आणि सांबराचं तेही शिंग, त्यामुळे थोडं समजून घ्या. बैलाचं जन्मभर डोक्यावर राहतं. हरणाच्या नराचं मात्र दरवर्षी गळून पडतं आणि पुन्हा उगवतं. उगवताना ते पुरतं हाड नसतंच. आत कूर्चा, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि वर मखमलीसारखी लव. हात लावलात तर कोमट लागतं. मोठ्या जातीच्या नराचं शिंग ऐन भरात दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढतं. सस्तन प्राण्यांत एवढा मोठा अवयव दरसाल नव्याने उगवून दाखवणारं दुसरं कुणी नाही. असलं काही पाहिल्यावर माणसाला ते कापून खावंसं वाटणारच.

आता खरेदीकडे वळू. चिनी वैद्यकात जीवनाचं सत्त्व मूत्रपिंडात साठतं. तिथलं 'यांग', म्हणजे ऊब आणि जोर, कमी पडलं की कंबर धरते, पाय गार पडतात आणि बाकी जे होतं ते पुरुष डॉक्टरला शेवटी, दाराच्या मुठीवर हात ठेवून सांगतो. लूरोंग त्यावर. मात्रा दिवसाला एक ते दोन ग्रॅम. अंगात उष्णता असलेल्याला जाणता चिनी वैद्य ते देत नाही, नाकातून रक्त येईल म्हणतो. तुम्ही त्याच्याकडे जाऊच नका. जाणता वैद्य हा खरेदीतला मोठा अडथळा असतो.

चकत्या घेताना शेंड्याच्याच घ्या. शेंड्याच्या चकत्या मेणासारख्या, मधाच्या रंगाच्या, अर्धपारदर्शक. त्याखाली लालसर, आणि अगदी बुडाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेलं सरळसरळ हाड. शेंड्यापासून बुडाकडे भाव उतरत जातो, कारण जोर म्हणे कोवळेपणात. चकती करायची अधिकृत रीत तर ऐकण्यासारखी आहे. आधी लव जाळून खरवडतात, मग शिंगाला कापडी पट्टी गुंडाळतात, ते उलटं धरून कापलेल्या तोंडातल्या बारीक छिद्रांतून आत गरम दारू ओततात. मुरली की आणखी ओततात. पूर्ण भिजलं की पातळ काप काढायचे. म्हणजे तुमच्या आधी शिंगच पिऊन बसलेलं असतं. शिवाय हे काप पुन्हा दारूत घालून ती दारू प्यायची चाल आहे. ती प्यायल्यावर अंगात ऊब आल्याचं अनेकांनी सांगितलंय. शिंग न घालता पिणाऱ्यांचाही अनुभव असाच आहे.

गळून पडलेलं, कडक झालेलं शिंग चिनी वैद्यकात वाया जात नाही. पण ते स्वस्त. हरीण जे आपणहून फुकट टाकून देतं, त्यात कसला आलाय जोर! त्याला जे अजून हवंय, ज्यात रक्त वाहतंय, तेच आपल्याला हवं.

आणि इथे एक बारीकशी गोष्ट आहे, जी डब्यावर छापलेली नसते. हरणाचं शिंग वाढतं ते नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेलं असताना. ते चढायला लागलं की शिंग टणक होतं, लव सुकते, नर ती झाडावर घासून काढतो आणि माजावर येतो. उत्तरेकडच्या देशांत हे साधारण भादवा-आश्विनात. (भादवा म्हटल्यावर आपल्याला दुसराच प्राणी आठवतो, तो विषय आज नको.) शिंग कोवळं असतानाच नराला खच्ची केलं, तर ते टणक होतच नाही, मखमलीतच राहतं. कोवळ्या शिंगाच्या दिवसांत नर कुणाला शिंगावर घेत नाही. दुखतं त्याला. भांडायचंच झालं तर मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पायांनी फटके मारतो. माद्यांचं तर नाव नको. वर्षातल्या ज्या दिवसांत त्याच्यात पौरुष नावाला उरलेलं असतं, नेमक्या त्याच दिवसांत आपण आरी घेऊन पौरुष आणायला जातो.

पण एवढ्यावरून खचू नका. यात जग गुंतलंय. चीनच्या जीलिन प्रांतात ठिपकेवाल्या सिका हरणांची शेतं आहेत. रशियाच्या अल्ताईत शिंगं उकळलेल्या पाण्यात माणसं आंघोळीला बसतात. न्यूझीलंडची गोष्ट आणखी सुरस. तिथे हरीण मुळात नव्हतंच. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी नेऊन सोडलं. ते इतकं माजलं, की सरकारला पगारी नेमबाज ठेवावे लागले. पुढे हरणाला भाव आहे हे कळल्यावर तीच माणसं हेलिकॉप्टरमधून हरणांच्या अंगावर उड्या टाकून त्यांना जिवंत धरू लागली. आज तिथली कोवळी शिंगं चीनला आणि दक्षिण कोरियाला जातात. कापताना भूल द्यावी लागते, असा नियम आहे. ब्रिटनने मात्र कोवळं शिंग कापायलाच बंदी घातलीय.

उपयोग होतो का, हा खवचट प्रश्न आता तुम्ही विचारणार. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्याच वैद्यकीय नियतकालिकात सात चाचण्यांचा आढावा आला. शिंगं विकणारा देश तोच, आणि पटण्याजोगा पुरावा नाही म्हणणाराही तोच. पण चाचण्यांवर जाऊ नका, मोठी माणसं काय घेतात ते बघा. फिजीत जन्मलेला आपला भारतीय वंशाचा गोल्फर विजय सिंग जिभेखाली हरणाच्या शिंगाचा फवारा मारायचा. जानेवारी २०१३ मध्ये हे छापून आलं तेव्हा त्याला पन्नास पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. फवाऱ्यात वाढीला चालना देणारं, बंदी असलेलं संप्रेरक असतं, म्हणून पीजीए टूर या गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने कारवाई सुरू केली. पुढे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनेच त्या फवाऱ्यावर बंदी नसल्याचं सांगितलं आणि कारवाई गुंडाळली गेली. आपलं टॉनिक पकडण्याच्याही लायकीचं नाही, हे एवढ्या अधिकृतपणे क्वचितच कुणाला कळवलं जातं. विजयने उलट पीजीए टूरवर दावा ठोकला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली.

आमच्या घरीही शिंगाची परंपरा आहे, म्हणून हसताना मला जरा जपावं लागतं. आजीकडे बोटभर सांबरशिंगाचा तुकडा होता, एका बाजूने उगाळून उगाळून तिरपा झालेला. बरगडीत कळ आली की ती सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून तो उगाळायची आणि तो करडा लेप कोमट करून लावायची. कळ जायची. आजीचा हात होता तो, जाईल नाही तर काय करेल! वन्यजीव कायद्यामुळे आता असलं काही विकायची-घ्यायची सोय उरली नाही, आणि ते बरंच झालं.

त्या बरगडीवरून आठवलं. एवढं शिंग तीन-चार महिन्यांत उभं करायला लागणारा चुना नुसत्या चाऱ्यातून पुरत नाही. नर तो स्वतःच्या हाडांतून काढतो, मुख्यतः बरगड्यांतून. त्या दिवसांत त्याची हाडं ठिसूळ झालेली असतात. तुम्ही हाडं बळकट व्हावीत म्हणून घेता ते त्याने स्वतःच्या बरगड्या उसवून विणलेलं असतं.

एवढं ऐकूनही ज्यांना नराचा अस्सल जोर हवाच आहे, त्यांना शेवटचा सल्ला. वसंतात आरी घेऊन जाऊ नका. माजाच्या दिवसांत जा, शिंगं टणक झालेली, मान फुगलेली, डरकाळ्या चाललेल्या. एकटे जा, कुंपण ओलांडा, त्याच्या माद्यांच्या दिशेने दोन पावलं टाका. कापायची, उकळायची, दारूत मुरवायची काही गरज पडणार नाही. तो स्वतः धावत आणून देईल, थेट बरगडीत. नंतर लेपापुरती सहाण शोधून ठेवा.