भिंत बुजवायच्या आधी

"तुम्हा बाहेरच्या लोकांना सगळ्यालाच सर्टिफिकेट लागतं, इथे आमचा वायरमन दोन दिवसांत खोली करून मोकळा होतो." घरच्या ग्रुपवर दादाने हे लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मला आलेला राग अजून गेलेला नाही. विषय एवढाच की घरातली मागची खोली नव्याने करतायत, जुनी पट्टीवरची वायरिंग काढून सगळी कन्सील, म्हणजे भिंतीच्या आतून, करायची आहे, आणि मी फक्त विचारलं होतं की गिलावा करण्याआधी भिंतीचे फोटो काढाल का, आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच, बसवताय ना. त्यावर दादा म्हणे आरसीसीबी सारखी पडते, शेजाऱ्यांनी लावली आणि काढून टाकली.

आधी सर्टिफिकेटचं सांगते, कारण ते अर्धवट माहितीवर आहे. इथे इंग्लंडमध्ये चालू सर्किटवर एखादा सॉकेट वाढवला तर कौन्सिलला कळवावं लागत नाही. नवीन सर्किट ओढलं किंवा कन्झ्युमर युनिट, म्हणजे मेनचा फ्यूजबॉक्स, बदललं की पार्ट पी या घरातल्या वायरिंगच्या नियमाखाली कळवावं लागतं, तेही रजिस्टर्ड इलेक्ट्रिशियन असेल तर तो स्वतःच कळवून टाकतो. पण कागद राहू दे बाजूला. इथे आमच्या घरी खोली केली तेव्हा फर्स्ट फिक्स, म्हणजे भिंतीतल्या केबल आणि बॉक्स टाकून, झाल्यावर प्लास्टरर यायच्या आधी मी प्रत्येक भिंत उघडी बघितली, केबल बॉक्सपासून सरळ वर जातेय की सरळ आडवी. तिरकी चालतच नाही, कारण सॉकेट दिसला की त्याच्या वर-खाली आणि डावी-उजवीकडे ड्रिल मारायचं नाही हे पुढच्या माणसाला न सांगता कळलं पाहिजे. आपल्याकडे पाइप वाचवायला तिरकी झिरी मारतात, आणि मग दहा वर्षांनी कुणीतरी पडद्याचा रॉड लावायला भिंतीला ड्रिल लावतो. त्या माणसाला वायरमनचे दोन दिवस काय कामाचे?

आता आरसीसीबी. ती "सारखी पडते" म्हणजे ती खराब असतेच असं नाही, बहुतेक वेळा ती खरं बोलत असते. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का एवढंच ती बघते, फरक ३० मिलीअँपियरपर्यंत गेला की पडते. म्हणजे या खोलीची न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलला जोडून दिली असेल, इन्व्हर्टरची आणि मेनची एकत्र केली असेल, कुठल्या बोर्डात न्यूट्रल अर्थिंगला टेकत असेल, किंवा गिझरमध्ये ओल शिरली असेल, तर ती पडणारच. तेव्हा शोधायचं की चूक कुठे आहे. आरसीसीबी काढली की चूक भिंतीत तशीच राहते, फक्त सांगणारं कुणी उरत नाही. आणि एमसीबी आहे ना म्हणून निवांत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की १६ अँपियरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसाला मरायला त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी करंट पुरतो. आई ओल्या हाताने बटणं दाबते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, मग हे मला इतक्या लांबून का लिहावं लागतं?

आपलं सगळंच वाईट असं मी कधीच म्हटलं नाही. इथे केबल सरळ प्लास्टरखाली गाडतात, बदलायची झाली की भिंत फोडा. आपण पाइप टाकतो, वायर ओढून काढता येते, ही पद्धत इथल्यापेक्षा कितीतरी शहाणी आहे आणि मी इथल्या लोकांना ते सांगतेही. पण त्या एकाच पाइपात दीड आणि अडीच स्क्वेअर एमएमच्या, एसीच्या चारच्या, सगळ्या वायरी कोंबल्या की परत ओढणार कशा? आणि नियम काय फक्त इथेच आहेत? वायरिंगचं भारतीय मानक आयएस ७३२ आहे, नॅशनल इलेक्ट्रिकल कोड आहे, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच काम करून घ्यायचं हे आपल्या कायद्यातही आहे. मेगर लावून इन्सुलेशन तपासायला फार वेळ लागत नाही, आपल्याकडे कुणी मागत नाही म्हणून कुणी लावत नाही.

खरं सांगायचं तर ती मागची खोली माझी होती. इथल्या जुन्या घरांत भिंत उघडली की अजून लाल-काळी वायर निघते, यांनी २००४ मध्ये रंग बदलून तपकिरी-निळे केले, आपल्याकडे लाल-काळा राहिला, आणि ती वायर बघितली की मला पहिल्यांदा आठवते ती हीच खोली. आपले तीन गोल पिनांचे सॉकेटही इथूनच आलेले, हे लोक १९४७ मध्ये चपट्या पिनांवर गेले आणि आपण गोलच ठेवले. ग्रुपवर खोलीचा नकाशा आला तेव्हा त्यावर प्रत्येक पॉइंटला कुणाचं तरी नाव होतं, इथे दादाचा राउटर, इथे मुलांचं चार्जिंग, इथे पाहुण्यांसाठी टीव्ही. पाहुण्यांमध्ये मी येते हे मला त्या नकाशावरून कळलं. म्हणून मी चिडले असेन, तसं म्हणा हवं तर, पण त्याने न्यूट्रलचा प्रश्न सुटत नाही.

खिडकीखाली टेबलाच्या उंचीवर मला एक पॉइंट हवाय, सहा अँपियरचा चालेल, वर्षातून तीन आठवडे वापरला जाईल तरी हवाय. आणि त्याला अर्थिंगची हिरवी वायर डीबीपर्यंत, म्हणजे घरच्या मेन बोर्डापर्यंत, सलग आलेली हवी.